परक्या शाळेतला गुरुजी

परदेशात शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाचा वैताग कागदांपासून सुरू होतो. वर्ग, फळा आणि मुले हे सारे पुढे येते. कटंगीहून कुणी आखातात किंवा अमेरिकेत शिकवायला जायचे ठरवले, तर पहिले काही महिने दाखले गोळा करण्यातच जातात. कटंगी हे बालाघाट जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. महाराष्ट्राची हद्द जवळ आहे. अनेक घरांत पोवारी किंवा मराठी बोलली जाते, शाळा मात्र हिंदीतून होते. मोठ्या दवाखान्यासाठी आणि कॉलेजसाठी लोक गोंदिया-नागपूरकडे पाहतात. १९५६ पर्यंत नागपूर हीच या भागाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. ती रेघ आजही शिक्षकाच्या फायलीत दिसते. बारावीची गुणपत्रिका भोपाळच्या मंडळाची, बी.एड. नागपूर विद्यापीठाचे आणि पासपोर्ट पुन्हा भोपाळ कार्यालयाचा.

शैक्षणिक कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून तो ज्या राज्यातून मिळाला त्या राज्याच्या अधिकाऱ्याने आधी साक्षांकित करायचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर शिक्का मारायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. त्यामुळे एकाच शिक्षिकेचे दोन कागद दोन राज्यांत फिरतात. त्यापुढची वाट देशागणिक बदलते. २००५ पासून भारत हेग येथील अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. त्या करारातल्या देशांसाठी मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. सौदी अरेबिया २०२२ मध्ये या करारात आला. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र त्यात नाहीत. तिथे जाणाऱ्याला मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का घ्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचे शुल्क वेगळे भरावे लागते. दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी असेल तर ती तिथल्या नियमांत बसते का, हा प्रश्न उरतोच. कित्येकांना त्याचे उत्तर पैसे भरून झाल्यावर मिळते.

मराठी बायकांच्या बाबतीत या कागदांत एक जास्तीची गाठ असते, ती नावाची. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे स्वतःचे नावही बदलतात. मग बारावीच्या कागदावर एक बाई, बी.एड.च्या कागदावर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी दिसते. गावात सगळे ओळखतात म्हणून हे कधी खटकत नाही. परक्या देशाच्या शिक्षण खात्यातला कारकून मात्र तीन नावे म्हणजे तीन माणसे समजतो, आणि त्याच्या जागेवरून पाहिले तर त्याचे चुकतही नाही. प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नोंद हे सगळे त्यासाठी करावे लागते. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्यांची अडचण आणखी मोठी असते. अमिरातीने २०२२ च्या अखेरीस एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे थांबवले. वर्षानुवर्षे शिकवून नाव कमावलेल्या बाईला आपले नाव आपलेच आहे हे सिद्ध करत बसावे लागते. सोसणारीला ही गोष्ट लहान वाटत नाही.

दलालांचा विषय थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण नियम स्पष्ट आहेत. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. एजंट नोंदलेला आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकानेच सोसायचा आहे. तरीही लाखांत रक्कम मागणारे असतात आणि देणारेही असतात.

तिथे पोहोचल्यावर जी गोष्ट सर्वांत जास्त बोचते ती अवलंबित्वाची. गावात गुरुजींचे एक स्थान असते. चौकात लोक नमस्कार करतात, घरगुती भांडणात सल्ला विचारतात. परदेशी शिक्षकाचे राहणेच मालकाच्या कागदावर टिकून असते. आखातात रहिवासाचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा. बायकोमुलांचा परवाना त्याच्या परवान्यावर, मुलांची शाळा त्या परवान्यावर आणि बऱ्याचदा घरही शाळेने दिलेले. त्यामुळे मुख्याध्यापकाशी साधा मतभेद झाला तरी त्यात घर, मुलांचे शिक्षण आणि परतीचे तिकीट गुंतलेले असते. माणूस गप्प बसायला शिकतो. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट ठेवून घेतले जातात. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते आणि मालकाने तो अडकवून ठेवणे अमिरातीतही बेकायदा आहे. पण हे ठाऊक असणे आणि ते मालकाच्या तोंडावर म्हणणे यांत अंतर असते. अशा तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘मदद’ हे पोर्टल सुरू केले आहे.

पगाराच्या आकड्यातही एक मेख आहे. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे वर्षभर नोकरी झालेल्याला सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा पगार मिळतो. मात्र हा हिशेब मूळ वेतनावर होतो. करारात मूळ वेतन लहान आणि घरभाडे-प्रवासाचे भत्ते मोठे ठेवले असतील, तर हातात येणारी मासिक रक्कम चांगली दिसते आणि शेवटची रक्कम आटते. शिवाय एकाच शहरात ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेतल्या शिक्षकाला घर, विमानाचे तिकीट आणि मोठा पगार मिळतो, तर भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत वर्ग मोठा आणि पगार बेताचा असतो. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या शिक्षिकांना त्याहून कमी देऊन नेमण्याचीही चाल आहे. काम तेच, दिवस तेवढाच, आणि मोल पासपोर्टच्या रंगावर. हा अन्याय आहे आणि तो तिथे रोजचा झाला आहे.

श्रेय आणि मोल यांचा हा झगडा आजचा नाही. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीच्या ओढीने घर सोडून श्रीलंकेला आणि ब्रह्मदेशाला गेले. १९१० मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पोहोचले. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते. १८९९ मध्ये ते वारले आणि काम अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी पाली उत्तम जाणणारा माणूस हवा होता. कोसंबींनी ते काम केले, पण श्रेय कुणाचे यावरून चार्ल्स लॅनमन या ज्येष्ठ प्राध्यापकांशी त्यांचे पटेना. १९१२ मध्ये ते परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. तिथे त्यांना मान होता. तरी काम पुरे व्हावे म्हणून ते पुन्हा हार्वर्डला गेले, असे एकंदर चार वेळा. १९१८ च्या खेपेला त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता. पुढे इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झालेले दामोदर कोसंबी ते हेच. वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये निघाली. तोवर धर्मानंदांना सेवाग्राम आश्रमात देह ठेवून तीन वर्षे झाली होती.

वर्गातले वैताग वेगळ्या जातीचे आहेत. इथे दोन गोष्टी सरमिसळ होतात. काही त्रास देशामुळे होतो, काही सवयीमुळे. अमेरिकेच्या सरकारी शाळांत भारतीय शिक्षक बहुधा जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर जातात. तो तीन वर्षांसाठी असतो आणि पुढे एक-दोन वर्षे वाढतो. पहिल्या महिन्यात शिक्षकाला कळते, की वर्गात शिरल्यावर मुले उभी राहणार नाहीत, ‘सर’ ऐवजी आडनाव घेऊन हाक मारतील आणि त्याच्या आडनावाचे तीन तुकडे करतील. विद्यार्थी मधेच बोलतो आणि कारण विचारतो, त्यामागे उद्धटपणा असतोच असे नाही. मूल चुकले तर कान धरणे दूरच, शाबासकी देताना पाठीवर हात ठेवण्याआधीही विचार करावा लागतो. भारतातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, पण तिकडे जिथे अशी बंदी आहे तिथे तिच्यामागे उभी असलेली यंत्रणा फार जागी असते. पालक रोज ईमेल पाठवतात आणि त्याचे उत्तर ही शिक्षकाची जबाबदारी मानली जाते. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी कायद्याने बंधनकारक अशी वेगळी लेखी योजना असते. तिची नोंद ठेवणे हे शिकवण्याइतकेच मोठे काम होते. शाळेत गोळीबार झाला तर काय करायचे याची तालीमही मुलांकडून करून घ्यावी लागते. दिवे मालवून, दाराला कडी लावून मुलांना कोपऱ्यात शांत बसवायचे, हा प्रसंग भारतीय शिक्षकाला कोणत्याही बी.एड.ने शिकवलेला नसतो.

यात शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पाठांतरावर भर देण्याची सवय लागलेल्या शिक्षकाला पंचवीस मुलांना गटांत बसवून काम करून घेणे आधी गोंधळाचे वाटते, नंतर आवडू लागते. उलट गणिताचा पाया, हस्ताक्षर, तोंडी हिशेब या गोष्टींत आपल्याकडच्या शिक्षकांची ताकद तिकडेही कामी येते. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना तिथली शिक्षकी पात्रता थेट मागण्याची सोय केली, ती अशा शिक्षकांची तिथे गरज आहे म्हणूनच.

उच्चारांचा प्रश्न मात्र दीर्घकाळ छळतो. कटंगीचा शिक्षक घरी पोवारी बोलतो, शाळेत हिंदीतून शिकलेला असतो आणि परदेशात त्याला इंग्रजीतून दिवसभर बोलावे लागते. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक त्याच्या जिभेवर कधी बसलेला नसतो. ज्ञान असूनही मुले हसली तर बोलण्यातला आत्मविश्वास जातो, आणि शिक्षकाचे सारे भांडवल बोलणेच असते. आखातातल्या भारतीय शाळांत तर शिक्षकांच्या खोलीत मल्याळम जास्त ऐकू येते. कागदावर मध्य प्रदेशी आणि बोलीने मराठी अशा माणसाला मराठी मंडळाच्या गणपतीत आपले गाव कुठे हे दोन वाक्यांत समजावून सांगावे लागते.

परका शिक्षक आपल्याकडे आला तेव्हा काय झाले, हेही पाहावे. सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या. मुलींना शाळेत पाठवण्याची रीत नसलेल्या समाजात त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. पुढे त्या अहमदनगरला गेल्या, तिथल्या त्यांच्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले, आणि १८६२ मध्ये तिथेच फरारबाईंचा अंत झाला. मराठी आधी स्वतः शिकायची आणि मग त्याच भाषेत दुसऱ्यांच्या मुलींना शिकवायचे, असा त्यांचा दुहेरी अभ्यास होता.

कटंगीच्या आणखी जवळचे उदाहरण व्हेरिअर एल्विन यांचे. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे इंग्रज गृहस्थ १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. गांधीजींच्या सहवासात त्यांचे मन पालटले आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर ते तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड गावी राहायला गेले. तिथे त्यांनी शाळा आणि दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी घर बांधले. बालाघाटच्या बैहर भागातही राहणाऱ्या बैगा लोकांवर त्यांचा मोठा ग्रंथ १९३९ मध्ये आला. त्याआधी १९३६ मध्ये निघालेली त्यांची ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ ही डायरी म्हणजे परक्या मुलखात राहून शिकवणाऱ्याच्या दैनंदिन अडचणींची नोंद आहे. आजचा शिक्षक ज्याला व्हिसाची कटकट म्हणतो ती एल्विन यांच्याही वाट्याला आली. १९३२ मध्येच ते इंग्लंडला गेले, तेव्हा राजकारणापासून दूर राहण्याचे लिहून दिल्याखेरीज त्यांना भारतात परतू देईनात. धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना नागपूरच्या बिशपांनी राजनिष्ठेच्या शपथेवाचून दिला नाही. शेवटी १९३५ मध्ये त्यांनी चर्च सोडले. १९५४ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. एल्विन यांचे नाव सर्वत्र झाले. शाळा आणि दवाखान्याचा रोजचा भार उचलणाऱ्या हिवाळ्यांना मात्र मराठी वाचकही फारसे ओळखत नाहीत, आणि हे बरे नव्हे.

घरापासून लांब असण्याचे दुःख सुट्ट्यांच्या वेळापत्रकात सर्वांत स्पष्ट दिसते. आखातातल्या भारतीय शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुटी असते. सगळे शिक्षक, सगळी मुले, सगळी कुटुंबे एकाच आठवड्यात निघतात, म्हणून विमानाचे भाडे तेव्हाच सर्वांत जास्त असते. कटंगीत त्या वेळी पाऊस लागलेला असतो, भाताचे पऱ्हे तयार झालेले असतात आणि घरातले सगळे रोवणीत गुंतलेले असतात. लग्ने एप्रिल-मेमध्ये होऊन गेलेली असतात. पोळा येण्याआधी बहुधा परत जावे लागते. दिवाळी आणि तिच्यामागून गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा, फोनच्या पडद्यावर पाहायच्या. घरी कुणी आजारी पडले की दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, याचा दिलासा वाटतो. अमेरिकेतल्या माणसाची मात्र तेव्हा रात्र असते. मृत्यूची बातमी आली तर रजा मागायची, तिकीट शोधायचे, नागपूरला उतरून पुढे गाडीने गाव गाठायचे, आणि पोहोचेपर्यंत सगळे आटोपलेले असते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परत निघताना बॅगेत त्याची पुरचुंडी ठेवताना वजनकाट्यावर पुस्तके आणि तांदूळ यांतले एक निवडावे लागते.

परदेशातल्या मराठी शाळांचे काम हाही याच विषयाचा भाग आहे. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याच्याशी जोडलेल्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात आणि त्यांचा अभ्यासक्रम पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या साहाय्याने चालतो. शिकवणारे बहुतेक आईबाप असतात, आठवडाभर दुसरी नोकरी करणारे, बिनपगारी. ‘ळ’ उच्चारता न येणारी, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ न ओळखणारी, तो-ती-ते यांत अडखळणारी मुले समोर असतात. आजीशी बोलण्यापलीकडे ही भाषा कशाला हवी, असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी लोकांच्या वंशजांसाठी सरकारी शाळांतून मराठी शिकवली जाते. पिढ्या उलटूनही तिथे मराठीचा तास होतो. त्या तासाला सरकारी वेळापत्रकात जागा आणि शिक्षकाला पगार आहे. अमेरिकेतल्या शाळांना तो आधार नाही, म्हणून त्यांच्या शिक्षकांचे श्रम जास्त मोलाचे मानायला हवेत.

परत येणे ही शेवटची अडचण, आणि जाणारे तिचा विचार सर्वांत कमी करतात. वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देश सोडून गेले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते शिकवू लागले. मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा यांनी भित्तिचित्रात त्यांना रंगवले. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत मायदेशाचे दार त्यांना बंद होते. १९५५ मध्ये ते कायमचे परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. ज्या देशात त्यांनी उमेदीची तीस वर्षे घालवली तिथे त्यांचा चेहरा भिंतीवर आहे. इकडे त्यांच्या शेतीविद्येचा उपयोग करून घ्यायला आपल्याला उशीर झाला.

आज परतणाऱ्यासमोर एवढी मोठी भिंत नसते, पण लहान कुंपणे असतात. परदेशातली वर्षे सरकारी सेवेत सहसा धरली जात नाहीत. भविष्य निर्वाह निधीत मधल्या काळाचे काही जमा नसते. देश सोडताना साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यायचे राहिले असेल, तर बँकेत खेटे सुरू होतात. मुले वेगळ्या अभ्यासक्रमातून आलेली असतात, त्यांचे हिंदी-संस्कृत मागे पडलेले असते. खाजगी शाळा परदेशी अनुभव मोजतात, पण त्यासाठी अनुभवाचा दाखला मागतात, आणि तो शाळेच्या शिक्क्याचा, तिथल्या सरकारने आणि आपल्या वकिलातीने साक्षांकित केलेला असावा लागतो. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. सही करण्याआधी करारातला मूळ वेतनाचा आकडा वाचावा, आणि तो देश सोडण्याआधी दाखल्यावरचे सगळे शिक्के पुरे करून घ्यावेत. विमानात बसल्यानंतर ते शिक्के कटंगीत बसून मिळवणे फार अवघड असते.